साठच्या दशकातले व्हाइट हाउसचे कागद: कुठे शोधायचे, कसे वाचायचे

चीन युद्ध चालू असताना, १९ नोव्हेंबर १९६२ रोजी, पंडित नेहरूंनी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना एकाच दिवशी दोन पत्रे पाठवली. दुसऱ्या पत्रात स्वनातीत लढाऊ विमानांच्या बारा आणि बी-४७ बॉम्बफेकी विमानांच्या दोन स्क्वाड्रन मागितल्या होत्या. पत्रांचा पूर्ण मजकूर लोकांसमोर यायला कित्येक दशके गेली. आज मात्र त्या दिवसाचे बरेचसे कागद घरबसल्या वाचता येतात. तरीही बहुतेकांची गाडी पहिल्याच वळणावर अडते, कारण 'केनेडी नेहरू पत्र' असे शोधखिडकीत टाकले की वर येतात ती वर्तमानपत्री कात्रणे आणि दुसऱ्यांनी तिसऱ्याचे दिलेले हवाले. मूळ कागदापर्यंत पोहोचण्याची वाट ठरलेली आहे आणि तीच इथे पायरीपायरीने दिली आहे. उदाहरणे मुद्दाम भारताची घेतली आहेत. व्हिएतनाम किंवा क्यूबासाठीही रीत हीच.

पहिली पायरी: तारीख पक्की करा आणि कारकीर्द ओळखा

विषयाने शोधू नका, तारखेने शोधा. केनेडींची कारकीर्द २० जानेवारी १९६१ ते २२ नोव्हेंबर १९६३, जॉन्सन यांची तिथून २० जानेवारी १९६९ पर्यंत. १९६० साल आणि १९६१ चे पहिले वीस दिवस आयझेनहॉवर यांचे, त्यांची लायब्ररी कॅन्सस राज्यातल्या ॲबिलीन गावी. १९६९ चे उरलेले वर्ष निक्सन यांचे, तो साठा कॅलिफोर्नियात योर्बा लिंडाला. केनेडी लायब्ररी बोस्टनमध्ये, जॉन्सन लायब्ररी टेक्सासमध्ये ऑस्टिनला विद्यापीठाच्या आवारात. या सगळ्या अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या कारभाराखाली आहेत, पण प्रत्येकीची सूची वेगळी, मांडणी वेगळी.

इथे एक खाच आहे. परराष्ट्र खात्याच्या छापील मालिकेत केनेडी संच १९६१ ते १९६३ असा आहे, म्हणजे तो ३१ डिसेंबर १९६३ पर्यंत जातो. लायब्रऱ्यांत मात्र कागद २२ नोव्हेंबरलाच तुटतात. त्यामुळे जॉन्सन यांच्या पहिल्या पाच-सहा आठवड्यांचे छापील दस्तऐवज केनेडींच्या खंडात आणि मूळ प्रती ऑस्टिनला, असा प्रकार होतो. व्हिएतनामविषयीचा २७३ क्रमांकाचा राष्ट्रीय सुरक्षा आदेश २६ नोव्हेंबर १९६३ चा. मसुदा केनेडींच्या हयातीतला, सही जॉन्सन यांच्या राजवटीतली. असा कागद हाती घेतला की दोन्ही घरे धुंडाळावी लागतात.

दुसरी पायरी: छापील मालिकेपासून सुरुवात

'फॉरेन रिलेशन्स ऑफ द युनायटेड स्टेट्स' ही परराष्ट्र खात्याची अधिकृत मालिका. अभ्यासक तिला नुसते 'फ्रस' म्हणतात. १८६१ पासून ती निघते आहे. केनेडी संचाचे २५ खंड, जॉन्सन संचाचे ३४. सगळे खंड खात्याच्या इतिहास कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात, ई-बुक म्हणून उतरवूनही घेता येतात. अमेरिकी सरकारचे काम असल्याने त्यावर स्वामित्वहक्काची अडचण नाही.

भारतासाठी केनेडी संचातला खंड १९ आणि जॉन्सन संचातला खंड २५, दोन्ही दक्षिण आशियाचे. गोव्याची डिसेंबर १९६१ ची घडामोड, चीन युद्ध, काश्मीरच्या वाटाघाटी पहिल्यात. १९६५ चे युद्ध, धान्याची मदत, इंदिरा गांधींची मार्च १९६६ ची वॉशिंग्टन भेट दुसऱ्यात. क्यूबातल्या क्षेपणास्त्रांसाठी केनेडी संचाचा खंड ११ आणि केनेडी-ख्रुश्चेव्ह पत्रव्यवहारासाठी खंड ६. व्हाइट हाउसमधून परराष्ट्र धोरणाचा गाडा कसा हाकला जात होता, म्हणजे कोणती समिती मोडली आणि कोणती नेमली, हे पाहायचे तर केनेडी संचाचा खंड २५ आणि जॉन्सन संचाचा खंड ३३ काढा. हे दोन खंड कंटाळवाणे म्हणून लोक टाळतात. पण निर्णय कोणत्या टेबलावर झाला हे कळल्याशिवाय कोणत्या खोक्यात शोधायचे ते कळत नाही.

खंड उघडल्यावर थेट मजकुरात शिरू नका. आधी सुरुवातीची तीन पाने पाहा: स्रोतांची यादी, संक्षेपांची यादी, व्यक्तींची यादी. 'डेपटेल' म्हणजे खात्याकडून गेलेली तार, 'एम्बटेल' म्हणजे वकिलातीकडून आलेली. परराष्ट्रमंत्री दौऱ्यावर असताना त्यांच्याकडे जाणारी ती 'टोसेक', त्यांच्याकडून येणारी 'सेक्टो'. 'नायॅक्ट' असे लिहिले असेल तर रात्री झोपेतून उठवून कारवाई करा, असा तिचा अर्थ.

संपादकांनी निवडलेलेच दस्तऐवज इथे असतात, हे कायम ध्यानात ठेवा. मोठ्या विषयावरचे हजारो कागद खंडात काही डझनांवर येतात. खंड ही गावाची वेस समजा, गाव पुढे आहे.

तिसरी पायरी: पहिली तळटीप मजकुराच्या आधी वाचा

प्रत्येक दस्तऐवजाची पहिली तळटीप म्हणजे त्या कागदाची जन्मपत्रिका. मूळ कागद कुठे आहे, गोपनीयतेचा शिक्का कोणता, मसुदा कोणी केला, कोणी नजरेखालून घातला, प्रत आणखी कोणाकडे गेली, हे सगळे तिथे दोन-चार ओळींत कोंबलेले असते.

समजा तळटिपेत 'परराष्ट्र खाते, सेंट्रल फाइल्स, ६११.९१/११-१९६२' असे दिसले. नवखा माणूस हमखास 'नोव्हेंबर १९६२' असे वाचतो. ते चूक आहे. तिरप्या रेषेनंतरचा पहिला आकडा महिना, त्यापुढे दिवस आणि वर्षाचे शेवटचे दोन अंक सलग लिहिलेले. म्हणजे ११ वा महिना, १९ तारीख, ६२ साल. '१०-२२६२' म्हणजे २२ ऑक्टोबर १९६२, '१-५६३' म्हणजे ५ जानेवारी १९६३. नोव्हेंबर १९६२ च्या कोणत्याही तारखेचा शेवट '६२' नेच होणार, पण फक्त १९ तारखेलाच तो '१९६२' असा फसवा दिसतो आणि नेमका तोच दिवस आपल्याला हवा असतो.

रेषेच्या अलीकडचा आकडा विषय सांगतो. ६ म्हणजे दोन देशांचे राजकीय संबंध, ११ अमेरिका, ९१ भारत. म्हणून ६११.९१ मध्ये अमेरिका-भारत संबंध आणि ७९१.०० मध्ये भारताचे अंतर्गत राजकारण. मुंबई राज्याची विभागणी, १९६० मध्ये महाराष्ट्राची स्थापना, निवडणुका यांवरची वकिलातीची आणि मुंबईच्या वाणिज्य दूतावासाची वार्तापत्रे बहुतेक याच मालिकेत सापडतात.

ही दशांश पद्धत जानेवारी १९६३ मध्ये संपली. फेब्रुवारीपासून अक्षरांची पद्धत आली: 'पोल' म्हणजे राजकारण, 'डेफ' म्हणजे संरक्षण, 'एड' म्हणजे मदत, त्यापुढे आकडा आणि देशाचे नाव. 'डेफ १९ यूएस-इंडिया' म्हणजे भारताला लष्करी मदत, 'पोल ७ इंडिया' म्हणजे भेटीगाठी व दौरे. १९६२ आणि १९६३ मध्ये सलग चालणारा विषय, उदाहरणार्थ चीन युद्धानंतरची शस्त्रमदत, शोधताना दोन्ही पद्धतींत वेगवेगळी मागणी नोंदवावी लागते. नाहीतर जानेवारीनंतर काही घडलेच नाही असे वाटते.

शिक्क्यांबद्दल थोडक्यात. 'टॉप सीक्रेट', 'सीक्रेट', 'कॉन्फिडेन्शियल' या गोपनीयतेच्या पायऱ्या. 'लिमडिस', 'एक्सडिस', 'नोडिस' हे मात्र वाटपाचे निर्बंध आहेत. 'नोडिस' तार अगदी मोजक्या हातांत जायची. म्हणून मोठे मतभेद बहुधा 'नोडिस'मध्ये सापडतात आणि साध्या 'सीक्रेट' तारेत सगळे आलबेल दिसते.

चौथी पायरी: घड्याळे जुळवा

घटनाक्रम लावताना सर्वांत जास्त चुका इथे होतात. दिल्लीहून निघालेल्या तारेवर दिल्लीची वेळ असते, वॉशिंग्टनहून गेलेलीवर वॉशिंग्टनची. हिवाळ्यात भारत साडेदहा तास पुढे, अमेरिकेत उन्हाळी वेळ चालू असताना साडेनऊ तास. १९ नोव्हेंबरला दिल्लीत रात्रीचे नऊ वाजले तेव्हा व्हाइट हाउसमध्ये सकाळचे साडेदहा. त्या सकाळी केनेडींच्या टेबलावर भारत एकटा नव्हता. क्यूबातून सोव्हिएत बॉम्बफेकी विमाने हलवण्याचा प्रश्न लोंबकळत होता आणि दुसऱ्या दिवशी, २० तारखेला, त्यांनी नाकेबंदी उठवल्याचे जाहीर केले. म्हणून फक्त भारताची फाइल वाचून 'केनेडींनी उत्तराला वेळ का लावला' असे ठरवू नका. त्या दिवसाच्या भेटीगाठींची नोंद आणि क्यूबाचा खंड शेजारी ठेवा.

दोन उभे रकाने आखा, एक दिल्लीचा, एक वॉशिंग्टनचा, आणि प्रत्येक कागद दोन्ही वेळांसह नोंदवा. पाच-सहा नोंदी झाल्या की कोणते उत्तर कोणत्या तारेला आहे ते आपोआप दिसू लागते. तारेवरची वेळ पाठवल्याची आहे की पोहोचल्याची, तेही लिहा. दोन्हींत कित्येक तासांचे अंतर असू शकते.

पाचवी पायरी: लायब्ररीतले खोके

केनेडींच्या कागदांतले मुख्य संच दोन. 'प्रेसिडेंट्स ऑफिस फाइल्स' म्हणजे त्यांच्या सचिवांजवळ राहिलेले कागद, आणि 'नॅशनल सिक्युरिटी फाइल्स' म्हणजे सुरक्षा सल्लागार मॅकजॉर्ज बंडी यांच्या कचेरीतले. पहिल्या संचाचा मोठा भाग पानापानाने चित्ररूपात ऑनलाइन आहे. दुसऱ्यात देशवार खोकी आहेत, शिवाय बैठका, दौरे, खाती अशी पोटविभागणी. १९६१ मध्ये व्हाइट हाउसच्या तळघरात 'सिच्युएशन रूम' सुरू झाली आणि परराष्ट्र, संरक्षण व सीआयएच्या तारा थेट तिथे येऊ लागल्या. त्यामुळे एकच तार खात्याच्या दप्तरातही सापडते आणि बंडींच्या फाइलमध्येही. दोन्ही प्रती पाहा. व्हाइट हाउसच्या प्रतीवर कडेला पेन्सिलीने लिहिलेला शेरा असू शकतो. एकीकडे काळी केलेली ओळ दुसऱ्या प्रतीत मोकळी राहिली, असेही घडते, कारण दोन वेगळ्या माणसांनी वेगळ्या साली ती तपासलेली असते.

जॉन्सन लायब्ररीत भारतासाठी नुसते देशवार खोके पुरत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या (एनएससी) कर्मचाऱ्यांनी काही विषयांचे कागद एकत्र बांधून 'एनएससी हिस्टरीज' नावाचे संच केले. त्यांत एक '१९६२ ते १९६६ चा दक्षिण आशिया' आणि दुसरा 'भारतातला दुष्काळ, ऑगस्ट १९६६ ते फेब्रुवारी १९६७'. दुष्काळाचा संच आधी मागवा. पीएल-४८० या अमेरिकी अन्नमदत कायद्याखालच्या धान्याची प्रत्येक खेप जॉन्सन स्वतः का अडवून धरत होते, कृषिमंत्री ऑर्व्हिल फ्रीमन काय सुचवत होते, शेतीधोरणाच्या कोणत्या अटी लावल्या गेल्या, हे त्यात ओळीने लागते. रेशनवरच्या लाल मिलोची, म्हणजे अमेरिकी ज्वारीची, चव ज्या घरांना आठवते त्यांच्यासाठी हा संच म्हणजे त्या पिशवीचे दुसरे टोक. त्याखेरीज याच परिषदेतले अधिकारी रॉबर्ट कोमर यांची टिपणे स्वतंत्र आहेत. कोमर मोजके आणि तिखट लिहीत. मदतीच्या बाबतीत अध्यक्षांसमोर कोणते पर्याय ठेवले गेले ते त्यांच्या एक-दोन पानी टिपणांत दिसते, तारांमध्ये नाही.

जॉन्सन यांच्या काळाची एक अडचण आहे. मोठे निर्णय अनेकदा मंगळवारच्या जेवणावर होत. परराष्ट्रमंत्री रस्क, संरक्षणमंत्री मॅकनमारा आणि सुरक्षा सल्लागार असे मोजके लोक टेबलाभोवती असत. या जेवणांची औपचारिक इतिवृत्ते नियमित लिहिली गेली नाहीत. म्हणून सुरक्षा परिषदेच्या बैठकीत काही ठरलेले दिसत नसेल तर आदल्या मंगळवारची विषयपत्रिका, अध्यक्षांचे सहायक टॉम जॉन्सन यांची बैठकीतली टाचणे आणि अध्यक्षांची 'डेली डायरी' पाहा. डायरीत कोणाचा फोन किती वाजता आला, कोण किती मिनिटे बसले होते, इतके बारीक तपशील आहेत.

सहावी पायरी: ध्वनिफिती

केनेडींनी जुलै १९६२ पासून बैठका ध्वनिमुद्रित केल्या. एकूण ध्वनिमुद्रण सुमारे २६० तासांचे. जॉन्सन यांची फोनवरची संभाषणे सुमारे ६४० तासांची. जॉन्सन यांच्या फिती मृत्यूनंतर पन्नास वर्षे बंद ठेवायच्या असे ठरले होते, पण १९९० च्या दशकातच त्या खुल्या होऊ लागल्या. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या मिलर सेंटरने बऱ्याच फितींच्या संहिता ध्वनीसह ऑनलाइन ठेवल्या आहेत.

जॉन्सन फितींचा क्रमांक वाचायला सोपा. 'डब्ल्यूएच ६५०५.२९' म्हणजे व्हाइट हाउस, १९६५, पाचवा महिना, २९ वी फीत. त्या वेळी सचिवांनी घाईत केलेल्या टंकलिखित प्रतींवर मात्र विसंबू नका. ऐकण्यातल्या चुका त्यांत भरपूर आहेत. संहिता समोर ठेवून स्वतः ऐका, उद्धृत करायचे वाक्य किमान तीनदा. केनेडींच्या बैठकांत खुर्च्या सरकतात, दोघे-तिघे एकदम बोलतात, बोलणारा कोण हे कळत नाही. तिथे उपस्थितांची यादी आधी मिळवा.

सातवी पायरी: जे कागद काढून घेतले आहेत

छापील खंडात 'मूळ मजकुराची अमुक ओळ खुली केलेली नाही' असा चौकोनी कंसातला तिरपा मजकूर दिसेल. खोक्यात त्याच जागी एक तक्ता असतो: तारीख, कोणाकडून कोणाला, किती पाने, काढून घेण्याचे कारण. या तक्त्याचा फोटो सर्वांत आधी काढा. नसलेल्या कागदाचा तो एकमेव पत्ता.

१९७८ च्या अध्यक्षीय अभिलेख कायद्याने २० जानेवारी १९८१ पासूनचे कागद सरकारी मालमत्ता ठरले. त्याआधीचे, निक्सन यांचे वगळता, अध्यक्षांचे खासगी मानले जात आणि दानपत्राने लायब्ररीला दिले जात. त्यामुळे जॉन्सन यांनी ४ जुलै १९६६ रोजी सही केलेला माहितीच्या अधिकाराचा कायदा त्यांच्याच दान दिलेल्या कागदांना लागू होत नाही. तिथे 'मँडेटरी डीक्लासिफिकेशन रिव्ह्यू' नावाचा, म्हणजे गोपनीयता उठवण्यासाठी फेरतपासणीचा, अर्ज करावा लागतो. खात्याच्या दप्तरातील कागदांसाठी मात्र माहितीचा अधिकार चालतो. चुकीचा अर्ज परत येतो आणि महिने फुकट जातात.

अर्जात संच, खोके, फोल्डर, दस्तऐवजाचा क्रमांक, तारीख, लिहिणारा, घेणारा, पाने एवढे सगळे त्या तक्त्यावरून जसेच्या तसे उतरवा. 'भारताविषयी सर्व कागद' अशी मागणी चालत नाही. उत्तराला वर्ष-दोन वर्षे सहज जातात, तेव्हा वाचन सुरू करतानाच अर्ज टाका.

सीआयएने १६ सप्टेंबर २०१५ रोजी या दोन्ही अध्यक्षांना रोज दिली जाणारी गुप्तवार्तापत्रे सुमारे २,५०० च्या संख्येने खुली केली. १९६१ च्या जूनपासून त्यांचे नाव 'इंटेलिजन्स चेकलिस्ट', १ डिसेंबर १९६४ पासून 'डेली ब्रीफ'. पानेच्या पाने पांढरी असली तरी अध्यक्षांना त्या सकाळी काय माहीत होते हे त्यातून कळते.

प्रत्यक्ष जायचे असेल तर

परराष्ट्र खात्याचे मूळ दप्तर मेरीलँडमध्ये कॉलेज पार्कला आहे, अभिलेख गट ५९. वकिलाती आणि वाणिज्य दूतावासांचे दप्तर गट ८४, त्यात मुंबईचेही. ब्रीच कँडीच्या लिंकन हाउसमधून, म्हणजे तेव्हाच्या अमेरिकी वाणिज्य दूतावासातून, महाराष्ट्राविषयी काय लिहून जात होते ते तिथे पाहायला मिळते. पासपोर्ट दाखवून संशोधक-ओळखपत्र काढा. आत पेन चालत नाही, पेन्सिल चालते. फ्लॅश न वापरता फोटो काढता येतात. एका वेळी एकच खोके, त्यातले एकच फोल्डर टेबलावर. खुल्या केलेल्या कागदाचा फोटो घेताना कर्मचारी देतील ती छोटी चिठ्ठी, तिच्यावर 'एनएनडी'ने सुरू होणारा क्रमांक असतो, प्रत्येक चौकटीत आली पाहिजे. फोल्डर बदलला की त्याच्या कडेवरचे नाव पहिल्या फोटोत घ्या. हे विसरलात तर घरी आल्यावर चारशे फोटो असतात आणि एकाचाही पत्ता नसतो.

जाण्याआधी दोन गैरसमज दूर ठेवा. खात्याच्या तारांचा संगणकीय साठा १९७३ पासून सुरू होतो, साठच्या दशकातली तार त्यात मिळणार नाही. आणि 'नॅशनल सिक्युरिटी आर्काइव्ह' ही जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातली खासगी संस्था आहे, सरकारी राष्ट्रीय अभिलेखागार वेगळे. तिचे संच उत्तम आहेत, पण हवाला देताना मूळ खोक्याचा द्या.

नावे आणि दुसरी बाजू

मराठी नावांचे रोमन लिपीत हाल होतात. यशवंतराव चव्हाण छापील खंडांत 'चवन' वाचावे अशा स्पेलिंगने येतात. 'व्ही'च्या जागी 'डब्ल्यू' घालून आणि शेवटचा 'एच' लावून-काढूनही शोधा. कधी नुसते 'संरक्षणमंत्री' एवढेच असते. संरक्षणमंत्री म्हणून ते मे १९६४ मध्ये शस्त्रमदतीच्या बोलण्यांसाठी अमेरिकेत होते. २७ मे रोजी दुपारी नेहरू गेले तेव्हा वॉशिंग्टनमध्ये पहाट होती आणि चव्हाणांना दौरा अर्धवट टाकून परतावे लागले. या दौऱ्यासाठी खंड २५ मधल्या मे-जून १९६४ च्या नोंदी, 'डेफ १९ यूएस-इंडिया' आणि संरक्षणमंत्री कार्यालयाचा गट ३३० अशा तीन जागा लागोपाठ पाहा.

संभाषणाचे टिपण हाती आले की लिहिणारा अमेरिकी अधिकारी आहे, हे आठवा. आपल्या मंत्र्याने मांडलेला युक्तिवाद त्यात दोन ओळींत उरकलेला असतो आणि त्यांच्या मंत्र्याचे उत्तर पानभर. त्याच भेटीचे भारतीय टिपण मिळते का, हे नवी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आणि त्याच्या 'अभिलेख पटल' पोर्टलवर त्याच तारखेने शोधा. मिळाले तर दोन्ही समोरासमोर ठेवा आणि एकात असलेले व दुसऱ्यात नसलेले मुद्दे वेगळ्या शाईने खुणवा.